तू मोळी सोडली नाहीस

माय,

फळीवरून तुझा पाय सरकला तेव्हा डोक्यावरची मोळी तू का सोडली नाहीस? मला याचं उत्तर देता येत नाही. मी पदवी घेतली, त्यावर शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला, तोल जाताना माणसाच्या अंगातला कुठला स्नायू आधी जागा होतो आणि कुठला मागून येतो हे परीक्षेत लिहून आले. गुणही चांगले पडले. पण या एका प्रश्नापाशी मी तिथंच उभी आहे, सातवीतल्या पोरीसारखी, हातात वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा धरून, वर तुझ्याकडे बघत. तू दोन्ही हात मोकळे केले असतेस तर मोळी एका बाजूला गेली असती आणि तू दुसऱ्या. ऊस चिखलात पडला असता. पडलेला ऊस उचलता येतो, माय. एवढं साधं होतं ते, आणि म्हणूनच मला तुझा राग येतो. इतक्या वर्षांत तो कमी झालेला नाही. शिकत गेले तसा वाढलाच.

आपण उसाच्या फडावर आहोत. पहाटेचं दव पाचटावर आहे, कोपीच्या, आपल्या पाचटाच्या झोपडीच्या दारात तीन दगडांची चूल धुपतेय आणि तू उभ्या उभ्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकतेस. तुला बसून जेवताना मी फडावर कधी पाहिलं नाही. आबा आणि दादा कोयत्यानं ऊस खाली पाडत पुढे जातात, तू मागून गोळा करतेस, वाढ्यांचा पीळ घालून मोळी बांधतेस, डोक्यावर चुंबळ ठेवतेस आणि मोळी उचलतेस. दुपारी ट्रक येतो. त्याला एक लांब फळी तिरकी लावलेली. आपल्या टोळीची रीत अशी की गडी वर उभे राहून थर लावणार आणि बायका डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढणार. एक चढतेय, एक उतरतेय, फळी मधोमध वाकतेय. आणि कुणाची मोळी खाली पडली की तिला त्या दिवसापुरतं सगळे पाहुणी म्हणायचे. ‘पाहुणी आली बघा, च्या टाका गं,’ असं गडी वरून ओरडायचे, बायकाही हसायच्या. मग ती बाई दिवसभर मान वर करायची नाही. तुला टोळीत कुणी कधी पाहुणी म्हटलं नाही. तुझी मोळी सगळ्यांत मोठी असायची. मुकादम इतर बायकांना ती दाखवायचा. ‘हिची बघा, दोघी तिघी मिळून हिच्याएवढं आणा.’ तो असं बोलला की तू पदर सारखा करायचीस आणि पुढची मोळी आणखी थोडी जाड बांधायचीस. तो कौतुक करत नव्हता, माय. बैलाच्या पाठीवर थाप मारतात तशी थाप मारत होता. तुला ते कळत नव्हतं, की कळूनही आवडत होतं?

एकदा मी लहान मोळी घेऊन येत होते. ढेकळात पाय मुरगळला, मी ती टाकली आणि खाली बसले. तू आलीस. मला वाटलं, पाय बघशील. तू आधी मोळी उचलून बाजूला ठेवलीस, मग माझ्या दंडाला धरून मला उभं केलंस आणि म्हणालीस, ‘तू पडली तरी चालंल. मोळी पडू द्यायची न्हाई.’ रात्री तू माझ्या घोट्याला तेल चोळलंस, हळद लावलीस, बराच वेळ पाय मांडीवर घेऊन बसलीस. ते मला आठवत नाही असं नाही. पण अंगात मुरलं ते दुपारचं वाक्य. तेल त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

तो दिवस मी पुन्हा सगळा लिहिणार नाही. फळीला चिखल लागलेला होता. तुझी ती दिवसातली कितवी खेप होती कुणास ठाऊक, पण तू दमली होतीस, गुडघे उचलताना तू फळीकडे बघत होतीस, एरवी तू वर बघायचीस. अर्ध्याच्या वर गेल्यावर तुझा डावा पाय सरकला. तू पडलीस तेव्हा तुझे दोन्ही हात मोळीला होते. तू खाली आलीस आणि मोळी तुझ्यावर आली. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. मुकादम म्हणाला, चक्कर आली असंल. आबांनी मान डोलावली. घरी आल्यावर पाव्हण्यांना तेच सांगितलं, आणि वर सांगितलं की लई ताकदीची बाई होती, दोन गड्यांना उचलंना ती मोळी ती एकटी न्यायची. आजही आपल्या घरी तुझी आठवण निघाली की मोळीचीच गोष्ट निघते. तुझा आवाज कसा होता, तू कशानं हसायचीस, हे कुणी सांगत नाही.

पुढे मी पळायला लागले म्हणून शाळेत माझं नाव झालं आणि शाळेनं मला सोडलं नाही, म्हणून मी फडावरून सुटले. कॉलेजात एक लोखंडी पाटी होती, जमिनीत बसवलेली. तिच्यावर उभं राहून जिवाच्या आकांतानं जोर लावायचा, आणि शेजारच्या पडद्यावर रेघ उमटते. जोर किती लागला ते रेघेच्या उंचीवरून दिसतं, आणि किती लवकर लागला ते तिच्या चढावरून. माझी रेघ वर्गातल्या बहुतेक मुलींपेक्षा उंच गेली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मॅडमनी मात्र पडद्यावर बोट ठेवलं, अगदी सुरुवातीला, जिथं रेघ जमिनीवर लोळत होती. त्या म्हणाल्या, ‘ताकद भरपूर आहे गं तुझ्यात. पण उशिरा येते.’ इतर मुलींना त्यात काही वाटलं नाही. मी वसतिगृहावर गेले आणि अंथरुणावर बसून राहिले. पाय सरकल्यापासून पडेपर्यंत माणसाला जो वेळ मिळतो तो पापणी लवण्याएवढाच असतो. त्या वेळात जी ताकद येते तीच आपली. त्यानंतर येणारी कितीही मोठी असू दे, ती जमिनीवर पडलेल्या माणसाला येते.

मग मी हा विषय पुस्तकाबाहेर जाऊन वाचला, तुझ्यासाठी वाचला. आपला स्नायू हा बारीक तंतूंचा जुडगा असतो. त्यातले काही तंतू संथ, दिवसभर टिकणारे. काही झटक्याचे, क्षणात पेटतात आणि लवकर दमतात. अंगाला सवय आहे त्याहून जड वजन, मोजक्या वेळा, पूर्ण जोरानं उचललं आणि नंतर अंगाला नीट खायला आणि विसावा दिला, तर तंतू जाड होतात, विशेषतः झटक्याचे. स्नायूच्या आत ते ज्या तिरकेपणानं बसलेले असतात तो तिरकेपणाही बदलतो, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त तंतू ओढायला लागतात. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी ताठ होते, मग ओढ वाया न जाता सरळ हाडापर्यंत पोचते. आणि मेंदूकडून येणारा हुकूम एका वेळी जास्त तंतूंना, जास्त वेगानं पोचायला लागतो. पण हे सगळं होतं ते कामाच्या वेळी होत नाही. ते नंतर होतं, झोपेत, बसल्यावर, पोट भरल्यावर. तू म्हणायचीस, बसलं की अंग जड होतं. खोटं होतं ते. अंग बसल्यावरच बनतं, माय. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत अर्धपोटी ओझी वाहून अंग सोसायला शिकतं, चपळ होत नाही. आणि दमलेलं अंग तर आणखीच सावकाश उठतं. वर्गात एक मुलगा म्हणाला होता की ऊसतोड बायकांना जिमची गरज काय, त्यांचं रोज ट्रेनिंगच चालतं. सगळे हसले. मी उभी राहिले आणि म्हटलं, ट्रेनिंगमध्ये विश्रांती असते, ते काम आहे. माझा आवाज इतका चढला की मॅडमनी मला पाणी दिलं.

त्याच मॅडमनी पहिल्या दिवशी मला वजन उचलायला शिकवलं नाही, टाकायला शिकवलं. वजनांचा बार डोक्याच्या वर गेला आणि तोल बिघडला तर तो पुढे सोडायचा आणि आपण मागे उडी मारायची. मला ते जमेना. उड्या मारायच्या, खाली बसून उठायचं, सगळं जमत होतं. बार सोडायचा म्हटलं की माझी बोटं आवळायची. एकदा तो डोक्यावर वाकडा झाला आणि मी त्याला धरून तशीच गुडघ्यावर आले. मॅडमनी आणि एका मुलीनं तो ओढून काढला. मॅडम एरवी शांत बाई, पण त्या दिवशी ओरडल्या. ‘तो लोखंडाचा आहे. त्याला लागत नाही. तुला लागतं.’ मला असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तू सांगायला हवं होतंस. मोळी उसाची आहे, तिला लागत नाही, हे वाक्य तू मला सांगायला हवं होतंस, आणि आधी तुला कुणीतरी.

आता मी युसूफ वडगावच्या बाजूच्या एका शाळेत खेळ शिकवते, कंत्राटावर. यंदा पावसाळ्यात टोळ्या घरी असताना मी वस्तीतल्या बायकांना संध्याकाळी शाळेच्या मैदानावर बोलावलं. वहिनी आली, कारण तिला नणंदेला नाही म्हणता येईना. तिच्या मागून आपली मोठी माय, तुझी थोरली जाऊ आली, तिच्या मागून बाकीच्या. खताच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून वजनं केली. लुगड्याचे काचे मारून त्या ओट्यावर उड्या मारायच्या आणि हसून हसून खाली बसायच्या. मोठी माय म्हणाली, दिवसभर खुरपून यायचं आन तिन्हीसांजंला पोरगी बेडूक करती आमाला. मी सांगितलं की एक दिवस करायचं आणि दुसऱ्या दिवशी अंगाला विसावा द्यायचा, आणि शेंगदाणे, डाळ, अंडं जमेल ते खायचं, गड्यांच्या आधी खायचं. त्यावर एक जण म्हणाली, ‘आजवर कुणी बस म्हणलं न्हाई गं आमाला. लई उशिरा जन्मलीस तू.’ सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

पोळ्याच्या सुमाराला फरक दिसायला लागला. हातपंपाच्या ओट्यावर शेवाळ असतं, तिथं वहिनीचा पाय घसरला. कळशी एका हातात होती. पण तिचा दुसरा पाय असा काही चटकन पुढे आला की ती उभीच राहिली, नुसतं पाणी सांडलं. मी तिथं होते. मी तिला म्हटलं, पुन्हा करून दाखव, आणि तिला वाटलं माझं डोकं फिरलंय.

मग मुकादम आला. तो जुना नाही, त्याचा पुतण्या. मोटारसायकल मैदानाच्या कडेला लावून त्यानं बराच वेळ बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, ‘म्याडम, झ्याक काम लावलं तुमी. औंदा आपल्या बायका दोनाची एक मोळी बांधत्यात बघा.’ मी वहिनीकडे बघितलं. ती पदर सारखा करत होती. तुझ्यासारखाच. माय, मला त्या क्षणी वाळूची सगळी पोती फाडून टाकावीशी वाटली. मी यांच्या अंगात जोर घातला होता आणि तो उद्या फळीवर चढणार होता, आणखी जाड मोळी डोक्यावर घेऊन. दोनच दिवसांनी वहिनीनं शेजारच्या रानातल्या उसाची मोळी बांधून दाखवली. मोठ्या मायनं कौतुकानं कानशिलावर बोटं मोडली. कुणीतरी म्हणालं, सासूवर गेली. चांगलं म्हणूनच म्हणालं.

दुसऱ्या दिवसापासून मी दुसरं काही घेतलंच नाही. नुसतं टाकणं. मोठी माय म्हणाली, टाकायला साळा लागती का, हात सोडला की पडतंय. मी तिला बाकावर उभं केलं, डोक्यावर पोतं दिलं आणि अचानक टाळी वाजवली. टाळी ऐकली की टाकायचं, एवढंच ठरलं होतं. तिचे हात सुटायच्या ऐवजी आवळले गेले. सगळ्यांचं तेच झालं. टाळीसरशी खांदे वर, बोटं घट्ट, मान आत. मेंदूचा हुकूम वेगानं पोचत होता, फक्त हुकूमच उलटा होता. त्यांच्या अंगाला लहानपणापासून एकच शिकवलेलं, धर. मग रोज टाळी, रोज टाका, टाकून बाजूला उडी, दोन्ही पायांवर उभं राहा. पहिल्यांदा वहिनीनं पोतं टाकलं तेव्हा तिनं घाबरून आधी गड्यांच्या बाजूला बघितलं. दादा तिथं पारावर होता. तो म्हणाला, आमी वर्साची कमाई करायला निघालो आन तू हिला माल फेकायला शिकवती, तिथं सगळे तिला पाहुणी म्हणतील. मी म्हटलं, म्हणू दे. पाहुणीला च्या तरी मिळतो. बायका हसल्या, दादा नाही हसला. पण वहिनीनं पोतं पुन्हा उचललं आणि टाळीची वाट न बघता टाकलं, त्याच्याकडे बघत.

एक गोष्ट मी अजून लिहिलेली नाही. मी लिहिते आहे की तू मोळी का सोडली नाहीस, जणू तू एकटीच होतीस त्या फळीवर. तुझा पाय सरकला तेव्हा वरून आबा ओरडले होते. ‘धर, धर, सोडू नको.’ हात पुढे करून ओरडले होते. ते तुला म्हणाले की मोळीबद्दल म्हणाले हे त्यांनाही सांगता येणार नाही, मला वाटतं त्यांच्या तोंडातून ते आपोआप आलं, टाळीसरशी बोटं आवळतात तसं. तू ऐकलंस का, ते मला माहीत नाही. मी खालून ऐकलं. घरात ते वाक्य पुन्हा कुणी उच्चारलं नाही. चक्कर आली, ताकदीची होती, दोन गड्यांना उचलंना. आबा आता म्हातारे झालेत, ओसरीवर बसतात, मी शाळेतून आले की विचारतात, जेवली का. त्यांच्यावर मला चिडता येत नाही. म्हणून मी तुझ्यावर चिडते. तू उत्तर देत नाहीस, हे सोयीचं आहे.

गेल्या आठवड्यात टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, एक कोंबडी, घडी घातलेलं मेणकापड. वहिनी दोरी आवळत होती आणि दादा वर उभा राहून सामान घेत होता. मी खाली उभी राहून दोघांना सांगितलं. तू कशी पडलीस ते, आणि वरून काय ओरडलं गेलं ते. चक्कर नव्हती, हेही. वहिनीचे हात थांबले. दादाच्या हातात पातेलं होतं. तो त्या दिवशी आबांच्या शेजारीच होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग तो हळू आवाजात म्हणाला, ‘मी बी ऐकलतं.’ एवढंच. नंतर त्यानं पातेलं नीट ठेवलं आणि पुढची वस्तू मागितली.

आबा समोर असताना मला हे बोलता आलं नाही. ते पाण्याचा कॅन भरायला गेले तेवढ्यात मी बोलले, आणि ते परत येताना दिसले तशी गप्प झाले. हे पत्रही मी त्यांना वाचून दाखवणार नाही. तुला पाठवायला तर पत्ताच नाही, म्हणून ते माझ्याकडेच राहील.

पण ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा मी वहिनीच्या जवळ गेले आणि दादाला ऐकू जाईल असं तिला सांगितलं, फळीवर पाय हलला की मोळी टाकायची आणि उडी मारायची, वरून कुणी काहीही ओरडू दे, ऐकायचं नाही. मग दादाकडे बघून विचारलं, वर तूच असणार ना. तो हो म्हणाला. मग मी त्याच्याकडून म्हणवून घेतलं, मोठ्यानं, सगळ्या टोळीसमोर, तो वरून काय ओरडणार ते.